एका फॉर्मला अनेक सबमिट बटणे: कोणते बटण दाबले ते सर्व्हरला नेमके कसे कळवावे

वेब ॲप्लिकेशन लिहायला शिकताना पहिला फॉर्म बहुधा एकाच बटणाचा असतो. माहिती भरायची, बटण दाबायचे आणि ती सर्व्हरवर जतन झाली की काम संपले. खरी अडचण दुसरे बटण आल्यावर सुरू होते. रजेच्या अर्जाचे उदाहरण घेऊ. अर्ज अर्धवट ठेवून नंतर पूर्ण करता यावा म्हणून 'मसुदा जतन करा' हे बटण हवे, पूर्ण झालेला अर्ज वरिष्ठांकडे पाठवण्यासाठी 'सादर करा' हवे आणि नको असलेला मसुदा टाकून देण्यासाठी 'काढून टाका' हवे. फॉर्म एकच आणि त्यातील माहितीही तीच, पण सर्व्हरने करायची कामे तीन, आणि त्यांतले एक काम चुकून झाले तर परत न फिरणारे. हाच अर्ज हाताशी धरून आपण एकेक पायरी पुढे जाऊ. वाचायला सोपे जावे म्हणून फॉर्ममधील नावे मी देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या कोडमध्ये ती तुमच्या पद्धतीने लिहा, नियम तेच राहतात.

पायरी १: ब्राउझर काय पाठवतो ते डोळ्यांनी पाहा

कोड लिहिण्याआधी ब्राउझरची विकसकांसाठीची साधने उघडा, त्यातील नेटवर्क विभागात जा आणि फॉर्म सबमिट करून विनंतीतील मजकूर वाचा. फॉर्ममधील प्रत्येक भरलेल्या चौकटीसाठी तेथे नाव आणि मूल्य यांची एक जोडी दिसेल. बटणांना मात्र वेगळा नियम लागू होतो: फॉर्ममध्ये कितीही सबमिट बटणे असली तरी जे दाबले गेले त्याच एका बटणाची जोडी विनंतीत जाते, आणि तीही त्या बटणाला नाव दिलेले असेल तरच. हा नियम १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्येही होता आणि आजही तो तसाच आहे.

म्हणजे 'मसुदा जतन करा' दाबल्यावर विनंतीचा मजकूर असा असेल:

कारण=प्रवास&दिवस=३&कृती=मसुदा

आणि 'सादर करा' दाबल्यावर असा:

कारण=प्रवास&दिवस=३&कृती=सादर

प्रत्यक्ष विनंतीत देवनागरी अक्षरे टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात जातात, परंतु नेटवर्क विभागात तीच जोडी उलगडूनही पाहता येते. या दोन ओळींत फरक फक्त शेवटच्या शब्दाचा आहे. बटणाचा रंग, त्याची जागा, त्यावरील चित्र यांतले काहीही सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. वापरणाऱ्याच्या मनात काय होते हे सर्व्हरला त्या एका शब्दातूनच कळते, म्हणून तो शब्द आपण विचारपूर्वक निवडला पाहिजे.

पायरी २: बटणाला नाव द्या, मूल्य द्या, आणि वरची अक्षरे वेगळी ठेवा

येथे दोन रीती प्रचलित आहेत. पहिल्या रीतीत प्रत्येक बटणाला स्वतंत्र नाव असते आणि सर्व्हर कोणते नाव आले आहे ते तपासतो. जँगो या पायथॉनमधील वेब फ्रेमवर्कच्या तयार ॲडमिनमध्ये, म्हणजे नोंदी सांभाळण्याच्या पानांत, नोंद जतन करून बाहेर पडण्याचे, जतन करून आणखी एक नोंद जोडण्याचे आणि जतन करून त्याच नोंदीवर काम चालू ठेवण्याचे अशी तीन बटणे असतात, आणि ती याच रीतीने ओळखली जातात. दुसऱ्या रीतीत सर्व बटणांचे नाव एकच, म्हणजे आपल्या उदाहरणात 'कृती', आणि मूल्ये वेगवेगळी. मी दुसरी रीत पसंत करतो, कारण सर्व्हरला एकच जागा वाचावी लागते आणि तेथे आलेले मूल्य ठरलेल्या यादीत आहे की नाही हे एका ओळीत तपासता येते. पहिल्या रीतीत कोणी मुद्दाम दोन नावे एकत्र पाठवली, तर काय घडेल हे तुमच्या कोडमधील अटींच्या क्रमावर अवलंबून राहते.

मूल्य आणि बटणावरची अक्षरे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे ही या सगळ्यातील सर्वांत महत्त्वाची सवय आहे. सबमिट बटण इनपुट घटकाने बनवले, तर त्याचे मूल्य हेच त्यावरचे अक्षर असते, म्हणजे सर्व्हरला 'सादर करा' असे अख्खे वाक्य मिळते आणि नवशिक्या माणसाचा हात साहजिकच त्या वाक्याशी तुलना करण्याकडे वळतो. माझ्या एका जुन्या प्रकल्पात मी नेमके हेच केले होते. काही महिन्यांनी संपादनाचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्याने बटणावरचे 'सादर करा' बदलून 'पाठवा' केले, आणि त्याच्या दृष्टीने तो निव्वळ शब्दाचा बदल होता. सर्व्हरवरची तुलना मात्र फसली, अंमलबजावणी शेवटच्या 'अन्यथा' भागात गेली आणि त्या भागात मसुदा जतन करण्याचा कोड होता. कोठेही त्रुटीचा संदेश आला नाही, कोणतीही नोंद तुटली नाही. लोकांना आपला अर्ज गेला असे वाटत राहिले आणि तो मसुद्यांच्या यादीतच पडून राहिला. दुसऱ्या भाषेत अनुवाद झाला, नुसते विरामचिन्ह बदलले किंवा एखादी मोकळी जागा वाढली, तरीही असेच घडते.

म्हणून इनपुटऐवजी बटण हा घटक वापरा. त्यात सुरुवातीच्या आणि शेवटच्या टॅगमधील मजकूर माणसासाठी असतो आणि मूल्य सर्व्हरसाठी, त्यामुळे एक बदलला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आणि सातव्या आवृत्त्या या घटकाच्या मूल्याऐवजी त्यातील मजकूरच पाठवत असत, त्यामुळे जुन्या लेखांत हा घटक टाळण्याचा सल्ला आढळतो. आज त्या सल्ल्याला आधार उरलेला नाही. रेल्स हे रुबी भाषेतील फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: तेथील नेहमीचे सबमिट बटण 'कमिट' या नावाखाली बटणावरची अक्षरेच पाठवते, म्हणून नाव आणि मूल्य आपण होऊन द्यावे लागते.

यादीतील प्रत्येक ओळीला स्वतःचे बटण असते तेव्हाही हीच मांडणी कामी येते. दहा मसुद्यांची यादी असेल, तर प्रत्येक ओळीतील बटणाचे नाव 'काढा' आणि मूल्य त्या नोंदीचा क्रमांक ठेवा. कोणत्या ओळीतले बटण दाबले ते वेगळी छुपी चौकट न ठेवताही सर्व्हरला कळते.

नावाबाबत एक सावधगिरी बाळगा. बटणाला रोमन लिपीतील 'सबमिट' किंवा 'ॲक्शन' हे नाव देऊ नका. फॉर्ममधील घटकांची नावे जावास्क्रिप्टमध्ये फॉर्मच्या गुणधर्मांसारखी उपलब्ध होतात, त्यामुळे अशा नावाचे बटण फॉर्मच्या मूळ पद्धतीला किंवा पत्त्याला झाकून टाकते आणि नंतर स्क्रिप्ट का चालत नाही याचा शोध घेण्यात अख्खी दुपार जाते.

पायरी ३: प्रत्येक बटणाचा प्रकार लिहा

फॉर्मच्या आत असलेल्या बटण घटकाला प्रकार दिला नाही, तर तो आपोआप सबमिट प्रकारचा ठरतो. 'तपशील दाखवा' किंवा 'आणखी एक तारीख जोडा' असे निरुपद्रवी बटण ठेवले आणि ते दाबताच पान पुन्हा लोड झाले, तर कारण बहुधा हेच असते. सबमिट न करणाऱ्या बटणाला साधा 'बटण' प्रकार द्या आणि सबमिट करणाऱ्यालाही प्रकार स्पष्ट लिहा. फॉर्म मूळ स्थितीत नेणारा 'रीसेट' प्रकार शक्यतो वापरूच नका. 'रद्द करा' यासाठी तर बटणाचीही गरज नाही, कारण मागच्या पानाकडे नेणारा साधा दुवा पुरेसा असतो आणि त्यात काही पाठवले जाण्याचा धोका नसतो.

पायरी ४: एंटर कळीचा विचार करा

अनेक बटणांच्या फॉर्ममधील सर्वांत घातक चुका बटणे दाबल्याने होत नाहीत, त्या एंटर दाबल्याने होतात. एका ओळीच्या चौकटीत मजकूर लिहून एंटर दाबले, की ब्राउझर त्या फॉर्ममध्ये एचटीएमएलच्या क्रमाने जे सबमिट बटण सर्वांत आधी येते ते स्वतःच दाबतो. येथे 'दाबतो' हा शब्द अक्षरशः घ्यावा, कारण त्या बटणावर क्लिक झाल्याची घटना घडते, त्याला जोडलेली स्क्रिप्ट चालते आणि विनंतीत त्याच बटणाची जोडी जाते. माणसाने एंटर दाबले की माउसने बटण दाबले, हा फरक सर्व्हरला दिसत नाही.

आता आपल्या अर्जात 'काढून टाका' हे बटण वरच्या कोपऱ्यात, शीर्षकाच्या शेजारी ठेवले आहे असे समजा. दिसायला ते नीटनेटके आहे, पण एचटीएमएलमध्ये ते सर्वांत आधी आले. रजेचे कारण लिहून सवयीने एंटर दाबणाऱ्या माणसाचा मसुदा तेथल्या तेथे नाहीसा होईल, आणि आपण कोणते बटण दाबले हे त्यालाही सांगता येणार नाही, कारण त्याने एकही बटण दाबलेले नसते.

यावर उपाय क्रमाचा आहे. ज्याने सर्वांत कमी नुकसान होईल ते बटण एचटीएमएलमध्ये पहिले लिहा. रजेच्या अर्जात मी 'मसुदा जतन करा' पहिले ठेवीन, कारण चुकून जतन झालेला मसुदा कोणालाही त्रास देत नाही, तर चुकून सादर झालेला अर्धवट अर्ज वरिष्ठांच्या समोर जाऊन पडतो. शोधाच्या फॉर्ममध्ये मात्र एंटर दाबणाऱ्याला शोधच हवा असतो, म्हणून तेथे 'शोधा' पहिले असावे. निर्णय त्या त्या फॉर्मचा आहे, पण तो आपण घ्यायला हवा, नाहीतर मांडणी करणारा नकळत तो घेऊन टाकतो.

मांडणीला वेगळा क्रम हवा असेल, तर सीएसएसने बटणांची जागा बदलता येते आणि एचटीएमएलमधील क्रम तसाच राहतो. तरीही हे जपून करावे, कारण टॅब कळीने फिरणाऱ्याचा फोकस एचटीएमएलच्या क्रमाने जातो आणि डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाशी त्याचा मेळ तुटतो. बटणे जवळजवळ असतील तर हे चालून जाते. एक पानाच्या वर आणि दुसरे खाली अशी स्थिती असेल, तर अधिक चांगला मार्ग म्हणजे 'काढून टाका' या फॉर्मबाहेरच काढणे. फॉर्मच्या आत दुसरा फॉर्म ठेवता येत नाही, परंतु बटण पानावर कोठेही ठेवून त्याच्या 'फॉर्म' या गुणधर्मात हव्या त्या फॉर्मचा आयडी लिहिता येतो. काढून टाकण्यासाठी फक्त नोंदीचा क्रमांक असलेला छोटा स्वतंत्र फॉर्म पानाच्या तळाशी ठेवा आणि वरच्या कोपऱ्यातील बटण त्याला जोडा. मग मुख्य फॉर्ममध्ये एंटर कितीही वेळा दाबले गेले तरी नोंद पुसली जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

याच नियमाची आणखी एक बाजू आहे. पहिले सबमिट बटण निष्क्रिय केलेले असेल, तर एंटर दाबल्यावर ब्राउझर दुसऱ्या बटणाकडे वळत नाही. तो काहीच करत नाही. 'एंटर चालत नाही' अशी तक्रार आली तर प्रथम हे तपासा. अनेक ओळींच्या चौकटीत एंटरने नवी ओळ येते, तेथे हा सर्व नियम लागू नाही.

पायरी ५: मसुद्याला अटी लावू नका, सादर करताना सोडू नका

चौकट आवश्यक असल्याची खूण केली, की ती भरल्याशिवाय ब्राउझर फॉर्म पुढे जाऊ देत नाही. सादर करताना हे योग्यच आहे, पण मसुदा तर अर्धवट असल्यामुळेच जतन करायचा असतो. त्यासाठी मसुद्याच्या बटणाला 'फॉर्मनोव्हॅलिडेट' हा गुणधर्म द्या, म्हणजे त्या बटणापुरती ब्राउझरची तपासणी थांबते आणि बाकीच्या बटणांना ती लागू राहते.

सर्व्हरवरही तपासणीचे दोन थर करावे लागतात. मसुद्यासाठी जे लिहिले आहे ते साठवण्याजोगे आहे का एवढेच पाहायचे: दिवसांच्या जागी अंकच आहेत ना, मजकूर ठरलेल्या लांबीत आहे ना. सादर करताना त्यावर पूर्ण नियम चढवायचे: तारखा आहेत का, शेवटची तारीख पहिलीच्या आधीची तर नाही ना. 'फॉर्मनोव्हॅलिडेट' असलेले बटण मसुद्याचे असले, तरी ब्राउझरची तपासणी टाळून 'कृती=सादर' पाठवणे कोणालाही शक्य आहे, त्यामुळे सर्व्हरने तपासणीचा थर फक्त 'कृती'च्या मूल्यावरून ठरवावा आणि ब्राउझरने काही तपासले असेल असे गृहीत धरू नये.

पायरी ६: सर्व्हरवर यादी ठेवा आणि अनोळखी मूल्य नाकारा

पीएचपी असो, जँगो असो वा फ्लास्क, 'कृती' वाचून तिच्या मूल्यानुसार योग्य फंक्शनकडे वळणे हे दोन-चार ओळींचे काम आहे. जावातील स्प्रिंग या फ्रेमवर्कमध्ये तर विशिष्ट नाव-मूल्य आल्यावरच चालणारी पद्धत एका खुणेने नेमता येते. खरी काळजी घ्यायची ती 'यांपैकी काहीच नाही' या प्रसंगाची. जोडी आलीच नाही, किंवा मूल्य यादीत नाही, तर कोणतेही काम करू नका. चुकीची विनंती म्हणून ४०० या क्रमांकाचे उत्तर द्या, किंवा भरलेल्या माहितीसह फॉर्म पुन्हा दाखवा. माझ्या वरच्या चुकीत 'अन्यथा' भागाने मूकपणे मसुदा जतन केला नसता आणि त्रुटी दाखवली असती, तर ती चूक पहिल्याच अर्जाला सापडली असती.

त्यानंतर अधिकार तपासा. पानावर बटण दाखवले नाही म्हणजे ते काम बंद झाले असे नाही. हा अर्ज याच माणसाचा आहे का, तो अजून मसुदा आहे की आधीच सादर झाला आहे, हे प्रत्येक कृतीच्या सुरुवातीला सर्व्हरनेच पाहायचे असते. काम यशस्वी झाल्यावर ३०३ या क्रमांकाच्या उत्तराने दुसऱ्या पानाकडे पाठवा, म्हणजे पान ताजे करणाऱ्याकडून तोच अर्ज दुसऱ्यांदा जाणार नाही.

पुसण्याच्या कृतीसाठी आणखी एक आधार ठेवा. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील ३.३.४ हा निकष, साठवलेली माहिती बदलणाऱ्या किंवा पुसणाऱ्या कामांसाठी, काम मागे घेता यावे, तपासून दुरुस्त करता यावे किंवा पूर्ण होण्याआधी त्याची खात्री करता यावी, यांपैकी किमान एक सोय मागतो. मला मागे घेण्याची सोय सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण खात्रीच्या प्रश्नाला 'हो' म्हणण्याचीही माणसाला सवय लागते.

पायरी ७: कामे अगदीच वेगळी असतील तर पत्ता वेगळा द्या

बटणाला 'फॉर्मॲक्शन' हा गुणधर्म दिला, तर ते बटण दाबल्यावर फॉर्म त्याच्या नेहमीच्या पत्त्याऐवजी त्या पत्त्यावर जातो. विनंती पाठवण्याची पद्धत बदलण्यासाठी 'फॉर्ममेथड' आणि उत्तर नव्या टॅबमध्ये उघडण्यासाठी 'फॉर्मटार्गेट' असे सोबती गुणधर्मही आहेत. अर्जाची छापील प्रत नव्या टॅबमध्ये पाहण्याच्या बटणाला हे चांगले शोभते. मात्र जतन करणे आणि सादर करणे यांत नऊ दशांश कोड सामाईक असतो, तेथे दोन पत्ते केल्यास तोच कोड दोनदा लिहिला जातो, म्हणून तेथे 'कृती'चे मूल्यच बरे.

पत्ता बदलताना दोन गोष्टी सांभाळा. बनावट विनंत्या रोखण्यासाठीचे टोकन काही फ्रेमवर्क ठरावीक पत्त्याशी बांधतात. रेल्समध्ये प्रत्येक फॉर्मचे स्वतंत्र टोकन ही सोय चालू असेल, तर दुसऱ्या पत्त्यावर गेलेली विनंती नाकारली जाते. दुसरे म्हणजे, माहिती बदलणारे कोणतेही काम गेट पद्धतीने, म्हणजे साधा दुवा उघडताना ब्राउझर वापरतो त्या पद्धतीने, करू नका. २००५ मध्ये गूगलचा वेब ॲक्सिलरेटर पानांवरील दुवे आधीच उघडून ठेवत असे, आणि ज्या ॲप्लिकेशनांत पुसण्याचे काम साध्या दुव्यावर ठेवले होते तेथे कोणी न सांगताच नोंदी पुसल्या गेल्या.

पायरी ८: जावास्क्रिप्ट मध्ये आल्यावर बटण हरवू देऊ नका

फॉर्म स्क्रिप्टने पाठवू लागलो, की बटणाची जोडी तीन ठिकाणी गळते. पहिले ठिकाण फॉर्मडेटा, म्हणजे फॉर्ममधील जोड्या गोळा करणारे जावास्क्रिप्टचे साधन. नुसत्या फॉर्मवरून तो बनवला तर त्यात कोणत्याही बटणाची जोडी नसते, कारण कोणते दाबले हे त्याला माहीत नसते. सबमिट घटनेच्या 'सबमिटर' गुणधर्मात दाबलेले बटण मिळते. ते फॉर्मडेटा बनवताना दुसरे पॅरामीटर म्हणून द्या. ही सोय प्रमुख ब्राउझरांत २०२३ मध्ये आली, आणि त्याआधीचे ब्राउझर तक्रार न करता दुसरे पॅरामीटर दुर्लक्षित करतात, म्हणून जुने ब्राउझर वापरणारे लोक असतील तर जोडी हाताने घाला.

दुसरे ठिकाण म्हणजे फॉर्मची सबमिट ही पद्धत. ती बोलावल्यावर सबमिट घटना घडत नाही, ब्राउझरची तपासणी होत नाही आणि बटणाची जोडीही जात नाही. तिच्याऐवजी 'रिक्वेस्टसबमिट' वापरा आणि तिला हवे ते बटण द्या. मग माणसाने बटण दाबल्यासारखेच सर्व काही घडते.

तिसरे ठिकाण सर्वांत फसवे आहे. दोनदा दाबले जाऊ नये म्हणून सबमिट घटनेत सर्व बटणे निष्क्रिय करण्याची पद्धत आहे. परंतु पाठवायच्या जोड्यांची यादी त्या घटनेनंतर तयार होते आणि निष्क्रिय घटक यादीतून वगळले जातात, त्यामुळे दाबलेल्या बटणाची जोडीही गळते आणि सर्व्हरला 'कृती' मिळतच नाही. एका बटणाच्या फॉर्ममध्ये हे कधी लक्षात येत नाही, कारण तेथे कोणी जोडी वाचत नसते. म्हणून बटणे निष्क्रिय करण्यापेक्षा 'पाठवणे सुरू आहे' अशी खूण स्क्रिप्टमध्ये ठेवून दुसरी सबमिट घटना रोखा, किंवा निष्क्रिय करण्याचे काम शून्य मिलिसेकंदांच्या टायमरने यादी तयार झाल्यानंतर ढकला. स्क्रिप्ट बंद असली तरी दुहेरी नोंद होऊ नये यासाठी फॉर्ममध्ये एकदाच चालणारे टोकन ठेवून सर्व्हरवर ते तपासणे हाच पक्का बंदोबस्त आहे.

पायरी ९: तपासताना माउस बाजूला ठेवा

प्रत्येक बटण एकेकदा दाबून पाहणे ही तपासणीची केवळ सुरुवात आहे. प्रत्येक एका ओळीच्या चौकटीत कर्सर ठेवून एंटर दाबा आणि नेटवर्क विभागात 'कृती'चे मूल्य वाचा. तेच मोबाइलच्या कळफलकावरून करा. टॅब कळीने बटणांपर्यंत जा आणि क्रम डोळ्यांना पटतो का ते पाहा. 'सादर करा' वेगाने दोनदा दाबा आणि डेटाबेसमध्ये नोंदी किती झाल्या ते मोजा. जावास्क्रिप्ट बंद करून हेच पुन्हा करा. मग कमांड लाइनवरून तीन विनंत्या हाताने पाठवा: एक 'कृती' नसलेली, एक 'कृती=भलतेच' अशी आणि एक दुसऱ्याच्या अर्जाचा क्रमांक घालून 'काढून टाका' सांगणारी. तिन्हींना नकार मिळाला पाहिजे आणि डेटाबेसमधील एकही ओळ हललेली नसली पाहिजे. शेवटी बटणांवरची सर्व अक्षरे बदला, 'सादर करा'च्या जागी 'पाठवा' लिहा, आणि आधीच्या सर्व चाचण्या पुन्हा चालवा.